भाऊबिजेचे मशीन

॥ श्री ॥

इंदूर,
ता. १४ नोव्हेंबर १९९४

ती. गं. भा. कुसुमाक्का हिच्या चरणी धाकट्या संपतचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबिजेला तुझ्या ताटात मी नोट न टाकता घडी घातलेली चिठ्ठी टाकली, तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता ते अजून डोळ्यांपुढे आहे. तुला वाटले असेल, दुकान बसले वाटते याचे. प्रतापने चिठ्ठी मोठ्याने वाचली, सूनबाईंनी टाळी वाजवली, मग त्यांचे पाहून तू वाजवलीस. त्या चिठ्ठीतले कपडे धुण्याचे मशीन शनिवारी तुमच्या तिसऱ्या मजल्यावर चढले, असे बडोद्याच्या दुकानदाराचा फोन सांगतो. चढवणाऱ्यांना चहा पाजलास ना? नाहीतर बायकांना वाटते, यंत्र आपोआप जिना चढते.

आक्का, मी तुझी मनगटे पाहिली. चहाचा कप दोन हातांनी धरतेस आणि मला सांगतेस की सवय आहे. ओवीची दुपटी धुवायला म्हणून प्रतापने तुला डभोईहून आणले त्याला पाच वर्षे झाली. दुपटी संपली, पण तू काही मोरीच्या चौकडीतल्या दगडावरून उठली नाहीस. आता ऊठ. ही माझी ओवाळणी.

आता नीट वाच, आणि कागद जपून ठेव. मशीनला दोन टब आहेत. डावीकडे धुणे, उजवीकडे पिळणे, त्याला ड्रायर म्हणतात. पायांखालच्या फळ्या सारख्या बसलेल्या असू देत, एक जरी सरकली तरी मशीन थरथरू लागते. पाणी जाण्याची करडी नळी नेहमी जमिनीवर, मोरीकडे उतरती ठेवायची. तिचे टोक उंच टांगलेस की पाणी आतच बसून राहील. ड्रायरच्या झाकणाखाली एक बारीक पट्टी आहे, झाकण बसले की ती दबते आणि मगच ड्रायर फिरतो. मध्ये कागद जरी अडकला तरी तो ढिम्म हलणार नाही. तुझी नऊवारी सुटी टाकू नकोस, तळाच्या चक्रीला वेढे बसतात. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांध. खाली मोटार आणि चक्री यांना जोडणारा रबरी पट्टा आहे, त्याच्या वाटेला जायचेच नाही. तीस वर्षे मी लोकांचे पंखे आणि मोटारी उघडतो आहे. यंत्र आपणहून फारसे बिघडत नाही, घरातला कोणीतरी त्याला बिघडवतो.

अहल्या बरी आहे, नमस्कार सांगते. बाकी सुख आहे. माया आहे तशी असू दे.

तुझा
संपत

---

॥ श्री ॥

बडोदे,
ता. २ डिसेंबर १९९४

चि. संपतरावास कुसुमाक्काचे अ. उ. आ.

तुझे पत्र दोनदा वाचले. मशीन छान आहे रे. बाल्कनीत ठेवले आहे. समोरच्या पटेलबेन पाहायला आल्या आणि म्हणाल्या की बा, हवे तमारे आराम, म्हणजे आता तुम्हाला आराम. त्यानंतर तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आल्या, त्याही तेच म्हणाल्या. इतक्या लोकांनी आराम आराम म्हटले की माणसाला आजारी असल्यासारखे वाटते.

सकाळचे दोन तासांचे काम पाऊण तासात होते. उरलेल्या वेळात मी काय करते विचारशील तर काही नाही. ओवीला घेऊन बसते. शाळेत पोर सगळे गुजरातीतच बोलते, म्हणून मी तिला मराठी मुळाक्षरे गिरवून घेते. ती माझ्याजवळच झोपते. झोपेत पाय माझ्या पोटावर टाकते.

आता एक गोष्ट लिहिते, ती मनात ठेव. सूनबाईंचे वडील जयवंतराव, पादरा गावाच्या पुढे राहतात, त्यांची मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला बडोद्यास यावे लागते. एस.टी.ने येतात, जाताना बसमध्येच ओकतात. त्यांना इथे आणायचे आहे. घर दोन खोल्यांचे. एका खोलीत मी आणि ओवी. मी सुचवून पाहिले की स्वयंपाकघरात झोपेन, त्यांचेही करीन. पण जयवंतरावांनी निरोप पाठवला की विधवा विहीणबाई घरात असताना मुलीच्या घरी अंथरूण टाकणे आपल्यात शोभत नाही. त्यांचेही खरे. व्याह्यांसमोर डोक्यावरून पदर घेऊन मी तरी त्या एवढ्याशा जागेत दिवसभर कुठे तोंड लपवणार?

परवा जेवताना सूनबाई गोडपणे म्हणाल्या की आता कपड्यांचेही कष्ट उरले नाहीत, तर आईंनी संक्रांतीनंतर डभोईच्या घरी विश्रांती घ्यावी. प्रताप ताटातच पाहत होता. डभोईला कोण आहे तुला माहीत आहे. तुझ्या दाजींच्या तेराव्याला मी फत्तेसिंहभावजींच्या आधी प्रतापच्या पानावर वाढले, तेव्हापासून मथुराजाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. भावजी गेले, राग राहिला. प्रतापने इथे आणण्याआधी सहा वर्षे मी त्या घरात काढली आहेत. त्यांना मला काही सांगायचे असले की तुळशीला सांगतात. सहा वर्षे माणसाचा आवाज ऐकायला मी दळणाच्या गिरणीत जाऊन बसत असे.

मला तिथे जायचे नाही, संपत. हे प्रतापला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहिले.

असे मशीन साधारण किती वर्षे टिकते ते कळव. अहल्येस आशीर्वाद. पत्रात खंड पाडू नये.

तुझी
आक्का

---

॥ श्री ॥

इंदूर,
ता. ११ डिसेंबर १९९४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र पोचले. जयवंतरावांचे वाचून वाईट वाटले. सूनबाईंची ओढाताण मला समजते. बाप म्हटल्यावर काय करणार?

तू मनाला फार लावून घेतेस. महिनाभर डभोईला राहून ये, तोवर काहीतरी मार्ग निघेल. मथुराबाईंचे वय झाले, आता त्या एकट्याच असतात. घरात दोन बायका आणि एक तुळस असली की आज ना उद्या दोन बायकाच बोलू लागतात. तुळस काही उत्तर देत नाही.

मशीनचे विचारलेस. निर्धास्त राहा, दहा वर्षे त्याला मरण नाही. मी स्वतः फोनवर दुकानदाराकडून चालू करून घेतले आणि रिसीव्हर मशीनला लावायला सांगितला. मोटारीचा आवाज मांजर दूध पिताना करते तसा होता. असा आवाज आला की मी पुढचे काही विचारत नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

संपत

---

॥ श्री ॥

बडोदे,
ता. ९ जानेवारी १९९५

चि. संपतरावास अ. उ. आ.

तुझे दहा वर्षांचे मशीन दोन महिन्यांत आजारी पडले. पाणी आतच राहते, जात नाही. मी तांब्याने उपसते. प्रतापला वाघोडियाच्या कारखान्यातून यायला रात्र होते, त्याला पाहायला वेळ नाही. सूनबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांची शाळा सकाळची, घरात एवढे कपडे, म्हणून म्हणाल्या की संक्रांतीचे राहू दे, आईंवाचून जमणार नाही.

आईंवाचून जमणार नाही, असे म्हणाल्या.

मी पुन्हा दगडावर बसते आहे. मनगटांना एरंडेल लावते. ओवीचा पुढचा दात पडला. तो तिने मशीनवर ठेवून पाहिला की उंदीर तिथून नेतो का.

इथे थंडी बेताची आहे. तिळगूळ वेगळा पाठवते, तो घेऊन गोड बोलावे.

आक्का

---

॥ श्री ॥

इंदूर,
ता. १५ जानेवारी १९९५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तिळगूळ मिळाला, अर्धा अहल्येने लपवला. तुझे पत्र वाचता वाचताच मला रोग कळला. करड्या नळीचे टोक उंच राहिले आहे, दुसरे काही नाही. असले हे, आणि तू म्हातारीने तांब्याने पाणी उपसलेस! मी हसलो आणि मग माझाच मला राग आला.

याच डाकेने सूनबाईंना निराळे सविस्तर पत्र टाकतो आहे. पाणी न जाणे, ड्रायर न फिरणे, मशीन थरथरत चालू लागणे, नळाकडच्या जाळीत क्षार बसणे, एकेका दुखण्याचे औषध लिहून देतो. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना एकदा सांगितले की पुरे. म्हणजे पुन्हा तुला दगडावर बसावे लागणार नाही. भाऊ दूर असला तरी झोपलेला नाही, एवढे ध्यानात ठेव.

तुझा
संपत

---

॥ श्री ॥

बडोदा,
ता. १२ मार्च १९९५

ती. मामासाहेबांस संयोगिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपल्या पत्राचे उपकार कसे मानू? नळीचे टोक बाल्कनीच्या गजात अडकवलेले होते. खाली सोडले आणि भळाभळा पाणी गेले, एक मिनिटाचे काम. त्यानंतर पंधरा दिवसांनी मशीन थरथरू लागले. आपल्या पत्रातले पाहून वाकले, तर एका पायाखालची फळी सरकलेली. ती बसवली. मग ड्रायर बंद. पुन्हा आपले पत्र काढले, झाकणाखाली बोट घातले, तर वहीच्या पानाची चार घड्यांची घडी. वही ओवीची. ती ओरडत होती की मी नाही ठेवला, पण दुसरे कोण ठेवणार? दोन धपाटे घातले. खोटे बोलली म्हणून आणखी एक. आई तिथेच तांदूळ निवडत होत्या. एरवी मी पोरीला मोठ्याने बोलले तरी मध्ये पडतात, त्या दिवशी पडल्या नाहीत. मला त्याचे नवल वाटले.

मामासाहेब, आपल्याला मोकळेपणाने लिहिते. माझ्या आबासाहेबांना इथे आणायचे दोनदा ठरले आणि दोनदा मशीनमुळे राहिले. त्यांची अंथरुणे, पांघरुणे रोज निघणार. मशीनचा भरवसा नसेल तर मी शाळा सांभाळून ते कशी करू? आणि आईंच्या हातून मी आबासाहेबांच्या चादरी धुवून घेऊ का? तेवढी लाज मला आहे. मागच्या बुधवारी एस.टी.त आबासाहेबांना चक्कर आली, कंडक्टरने स्टँडवर बाकावर निजवून ठेवले होते. मी शाळेतून पोचेपर्यंत दोन तास ते तिथेच होते.

आता चार दिवसांपासून मोटार गुरगुरते पण चक्री फिरत नाही. आपल्या पत्रात याचे कारण पट्टा असे लिहिले आहे, ते मला जमणार नाही. मेच्या सुट्टीत आपण दोन दिवस येऊन मशीन एकदाचे बरे करून द्याल का? आपल्याशिवाय हे कोणाला सांगू? मामींना नमस्कार. आमच्यावर दृष्टी असावी.

आपली आज्ञाधारक
संयोगिता

---

॥ श्री ॥

इंदूर,
ता. ४ जून १९९५

ती. आक्काच्या चरणी संपतचा शि. सा. न.

मे महिन्यात तुमच्याकडून आल्यापासून कूलरची गर्दी होती, दुकानात मान वर करायला फुरसत नव्हती. बडोद्याहून आणलेली पिशवी तशीच खिळ्याला होती. काल ती रिकामी केली. तुझ्या मशीनचा तुटलेला जुना पट्टा तिच्यात निघाला. मापाला हवा म्हणून आणला होता.

आक्का, रबरी पट्टा झिजून तुटतो तेव्हा त्याच्या आतले दोरे केसांसारखे पिंजून बाहेर येतात. या पट्ट्याचा निम्मा भाग तसा आहे. निम्मा सरळ, स्वच्छ, दुधीच्या फोडीसारखा. विळीवर धरून अर्धा कापला, आणि उरलेला चालून चालून तुटला. मी तो टेबलावर ठेवला आणि शटर ओढून घेतले. दुपारचे बारा वाजले होते.

मग एकेक आठवू लागले. नळी गजात, झाकणाखाली कागद, पायाखालची फळी. सगळे माझ्याच पहिल्या पत्रातले. मी तुला काय करू नकोस ते शिकवले, आणि तू ते शाळेतल्यासारखे पाठ केलेस. तू मला डिसेंबरात स्वच्छ लिहिले होतेस की तिथे जायचे नाही. मी ते वाचले, आणि तुला मोटारीच्या आवाजाचे सांगत बसलो.

आणि मेमध्ये मी काय केले? नवा पट्टा घातला. सूनबाईंना शेजारी बसवून सगळे खोलून दाखवले. झाकणाच्या आतल्या बाजूला आकृतीसुद्धा काढून दिली. मशीन सुरू झाले तेव्हा प्रताप, सूनबाई, ओवी, सगळे टाळ्या वाजवत होते. मागे स्वयंपाकघरात कोणीतरी पातेले खाली ठेवले. मी तो आवाज ऐकला. माझ्या कानाला तो वेगळा लागला होता, हे आज कबूल करतो. पण मी कान परत मशीनला लावला.

अहल्येला सांगितले. मी म्हणालो की आक्काला इंदूरला आणू. ती म्हणाली जरूर आणा, वरची खोली रिकामी करते, पण आक्का छप्पर मागत नाहीत, त्या ओवी मागत आहेत, ती तुम्ही इंदूरला कुठून आणाल? 

म्हणून आता जे लिहितो ते तीस वर्षांत कोणाला सांगितलेले नाही. खोटा बिघाड सांगून मी कधी एक स्क्रू बदलला नाही, हे तुला माहीत आहे. तू आधी प्लग काढ. मागचे झाकण उघडलेस की मोटारीजवळ काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा एक डबा दिसेल. त्याला दोन वायरी आहेत. निळीचे टोक ओढून सैल कर आणि नुसते टेकवून ठेव. तोडू नकोस, कापू नकोस. मशीन गुरगुरेल आणि फिरणार नाही. बडोद्यातला कोणीही पाहील तो मोटार जळाली म्हणेल. सूनबाईंच्या आकृतीत हा डबा नाही. आणि मला बोलावले तर मी येणार नाही, पाय मुरगळला म्हणून कळवीन.

जयवंतरावांचे तोंड डोळ्यांपुढे येते. ते बाजूला सारून लिहितो आहे. पत्र वाचून फाडून टाक. माझ्यावर राग धरू नकोस, धरलास तरी पत्र पाठव.

संपत

---

॥ श्री ॥

बडोदा,
ता. २० ऑगस्ट १९९५

ती. मामासाहेबांस संयोगिताचा शि. सा. नमस्कार.

आपले चार जूनचे पत्र आईंच्या नावाचे होते. ते इथे पोचले तेव्हा आईंना डभोईला जाऊन दोन आठवडे झाले होते. आपण मशीन बरे करून गेलात आणि पुढच्याच आठवड्यात मी आबासाहेबांना आणायचे ठरवले. आईंनी स्वतःच ट्रंक भरली, कोणी काही म्हणायच्या आत. आपले पत्र म्हणजे मशीनबद्दलच असणार, असे समजून मी उघडले. तेवढी चूक माझी. क्षमा असावी.

वाचल्यावर ते मी कपाटात साड्यांखाली ठेवले. ह्यांना दाखवले नाही, दाखवणारही नाही.

आबासाहेब दोन ऑगस्टला गेले. आमच्याकडे ते नऊ आठवडे होते. शेवटी शेवटी दिवसातून तीनदा मशीन लावत होते, एकदाही अडले नाही. आपल्या हाताचे काम म्हणून आपल्याला कळवायला हवे. त्यांनी कोरड्या, स्वच्छ चादरीवर प्राण सोडला. हे मी विसरणार नाही.

आता खोली रिकामी आहे. तेरावे झाल्यावर हे म्हणाले की आईला आणू. मी हो म्हणणार होते. तोंड उघडले, आणि मला ओवीचे रडणे ऐकू आले. मी मारत होते, ती आईंकडे पाहून ओरडत होती, आणि आई तांदूळ निवडत होत्या. मी ह्यांना म्हटले, पाहू, दिवाळीनंतर पाहू. दिवाळीनंतरही मी असेच म्हणेन, मामासाहेब. मला माझा स्वभाव माहीत आहे.

आईंनी मला एकदा सरळ म्हटले असते की मी जाणार नाही, तर मी काय केले असते, याचा पुष्कळ विचार केला. मी तरीही त्यांना पाठवले असते. बापाला बाकावर पाहिलेले होते. म्हणजे त्यांनी सांगून उपयोग नव्हता, हे त्यांना माझ्याआधी कळले होते.

ओवी आजीकडे जायचे म्हणून आठ दिवस रडली. आता रडत नाही. मशीन ठीक चालते. कपडे कमी असतात.

आपले पत्र आज खळीने चिकटवून डभोईला पाठवले आहे. ज्यांचे त्यांना मिळावे. आपल्यावर माझा राग नाही.

संयोगिता

---

॥ श्री ॥

डभोई,
ता. ६ ऑक्टोबर १९९५

चि. संपतरावास आक्काचे अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रे मिळाली, सूनबाईंकडून आलेले जूनचे आणि मागाहूनचे, माफीचे. माफीचे परत पाठवणार होते, पण टपालाला कशाला त्रास. जूनचे वाचून मला आधी हसूच आले. जन्मभर सचोटीचा गाजावाजा करणारा माझा भाऊ, आणि बहिणीला निळी वायर ओढायला सांगतो! इथे वायर ओढायला मशीन नाही, नाहीतर ओढली असती.

सूनबाईंनी तुला काय लिहिले ते तुझ्या पत्रातून कळले, त्यांना दोष देऊ नकोस. त्यांनी जे ऐकले ते खरेच ऐकले. कागद मी ठेवला होता. पोर मार खात होती आणि मी खडे वेचत होते. त्याच क्षणी मी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मला निघावे लागले असते, एवढेच डोक्यात होते. रात्री ओवीने माझ्या पोटावर पाय टाकून विचारले की आजी, तो कागद खरेच कोणी ठेवला? मी म्हटले, उंदराने. तिने मान डोलावली. माझ्यावर तिचा विश्वास होता. तो मी असा वापरला. तेव्हा मला परत बोलावले नाही, हे ठीकच आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलावले नसते.

तू लिहितोस, इंदूरला ये. अहल्येचा जीव मोठा आहे, तिला सांग. पण तिथे येऊन मी काय करू? तुमच्याकडे दोन माणसे, स्वयंपाकाला बाई, कपड्यांना मशीन. मी वरच्या खोलीत बसून जिन्यावरच्या पावलांचे आवाज ऐकीन. तुझे कान त्यासाठी चांगले, माझे नाहीत.

इथले लिहिते. मथुराजाऊबाई अजून तुळशीशीच बोलतात. आल्यावर पहिले दोन महिने माझे ताट वाढून झाकून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. घरात कपडे धुवायला एक बाई आहे, भांड्यांना तीच. मला करायला काही नव्हते. दिवस मोजायची सवय मला नव्हती, ती लागली.

मग श्रावण संपता संपता मागच्या अंगणातला हातपंप बंद पडला. दांडा खालीवर होतो, पाणी येत नाही. जाऊबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना रस्त्यावरच्या नळापर्यंत जाता येत नाही, आणि कामाची बाई पाणी भरणार नाही म्हणाली. आता ते मी भरते. सकाळी सहा खेपा, संध्याकाळी चार. मनगटांना हंडा पेलत नाही, म्हणून कळशीने आणते, कळशीसुद्धा छातीशी धरून. परवा उशीर झाला, तर जाऊबाई दारात येऊन उभ्या होत्या. तुळशीला म्हणाल्या की आज पाणी अजून कसे आले नाही, पडली की काय कुठे. मी ऐकले. बारा वर्षांत त्यांनी माझी काळजी केलेली ऐकली ती एवढीच. घरात शिरताना त्यांनी कळशीला एका बाजूने हात लावला.

माझ्या हातांनी हे किती दिवस होईल ते मला कळते. डॉक्टरला दाखवले नाही, कारण तो काय सांगेल ते माहीत आहे. हात थांबले की कोणीतरी पंपवाल्याला बोलावील, आणि मग पुन्हा झाकलेले ताट.

दिवाळी जवळ आली. तू विचारले आहेस की भाऊबिजेला डभोईस येऊ का. संपत, मी तुला ओळखते. तू येशील, पाया पडशील, तुझी पेटी ओसरीवर ठेवशील. चहाला आधण ठेवून मी बाहेर येईपर्यंत तुझा कान पंपाला लागलेला असेल. आतले चामड्याचे वायसर गेले आहे, आणखी काही नाही. तुला दहा मिनिटे पुरतील, आणि तू ते केल्याशिवाय राहणार नाहीस, मी कितीही नको म्हटले तरी. आणि जाऊबाई तर तुला बसायला पाट देतील.

म्हणून येऊ नकोस. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, यंदा मीही ओवाळीन. अहल्येस अनेक आशीर्वाद. मला विसरू नये, आणि यायचे मनात आणू नये.

तुझी
आक्का